नापास करणाऱ्या काकू

काकूंनी आयुष्यात किती माणसं नापास केली, हे खुद्द काकूंनाही सांगता यायचं नाही. "मोजत बसले असते तर रस्त्याकडे कोणी बघितलं असतं?" असं त्या म्हणायच्या. टेक्सासमधल्या एका मध्यम आकाराच्या गावात, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सरकारी ऑफिसात, त्या सव्वीस वर्षं परीक्षक होत्या. क्लिपबोर्ड घेऊन अनोळखी माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, त्याला वीस मिनिटं गावातून फिरवायचं आणि परत आल्यावर बहुतेक वेळा "सॉरी" म्हणायचं, ही त्यांची नोकरी. मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेले तेव्हा त्या रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. क्लिपबोर्ड मात्र अजून नोकरीत होता.

मी नांदेडची. गणितात पीएचडी करायला त्या गावातल्या युनिव्हर्सिटीत आले होते. पहिली टर्म तीन मुलींबरोबर अपार्टमेंटमध्ये काढली. तिघीही कॉम्प्युटरवाल्या, तिघीही गोड, आणि तिघींचेही होणारे नवरे वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये. घरात चोवीस तास कोणीतरी "अरे ऐक ना" म्हणत असायचं. मग मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला: 'एक खोली आहे. मुलगी हवी. फोनवर मोठ्याने बोलणारी नको.' मी लगेच फोन केला, शक्य तितक्या हळू आवाजात.

काकू मला घ्यायला स्वतः आल्या. बारीक अंगकाठी, कॉटनची पॅन्ट, वर कुर्ता, डोक्यावर उन्हाची टोपी. गाडी चालू झाल्यावर नाव-गाव काही नाही, थेट प्रश्न.

"आत्ता आपण कोणता बोर्ड मागे टाकला?"

मी घाबरून मागे वळून बघितलं. "माहीत नाही, काकू."

"स्पीड किती लिहिला होता?"

"माहीत नाही."

"गाडी चालवता येते?"

"नाही."

काकूंनी मान डोलावली. पुढच्या चौकात पूर्ण थांबल्या. रस्ता चारी बाजूंनी रिकामा होता, तरी त्यांनी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आधी चार मुली येऊन गेल्या. चौघींनीही काहीतरी आकडा ठोकून दिला. तू पहिली, जी माहीत नाही म्हणाली. सामान कधी आणतेस?"

अशी मला खोली मिळाली.

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या त्याला चाळीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या तोंडातलं 'काहून' गेलं नव्हतं. काहून उशीर झाला, काहून एवढा भात टाकला, काहून त्या माणसाने इंडिकेटर दिला नाही. काका हयात नव्हते. मुलगा सनीव्हेलला, चिप बनवणाऱ्या कंपनीत. रविवारी फोन करायचा. काकू मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं व्यवस्थित भांडण व्हायचं.

जगातल्या सगळ्या गोष्टींचे काकूंनी दोन भाग केले होते: पास आणि नापास. माझी पहिली पोळी नापास. शेजाऱ्यांचा नवा कुत्रा पास. मंडळाच्या गणपतीतली पुरणपोळी "पास, पण काठावर". मागच्या अंगणात जुन्या ऑफिसातून आणलेले रस्त्यावर मांडतात तसले चार नारिंगी कोन होते. गारा पडायला लागल्या की काकू पळत जाऊन ते टोमॅटोच्या रोपांवर पालथे घालायच्या.

मंडळाच्या कार्यक्रमात काकू शिरल्या की गर्दीत आपोआप वाट व्हायची. तिथल्या अर्ध्या लोकांनी त्यांच्या शेजारी बसून घाम पुसलेला. एक मोठे डेंटिस्ट होते. त्यांना काकूंनी तीनदा नापास केलं होतं. वीस वर्षं झाली, तरी पार्किंगमध्ये काकू दिसल्या की ते गाडीत बसून राहायचे, काकू आत गेल्यावर मगच गाडी लावायचे.

"आणि काका?" मी एकदा विचारलं. "काकांची टेस्ट तुम्हीच घेतली?"

"घरच्यांची घेता येत नाही. पण त्यांनी तरीही रिस्क घेतली नाही. तीस मैलांवरच्या गावी जाऊन टेस्ट देऊन आले. मला सांगितलं, मित्राकडे जातो." काकू डाळीला फोडणी देत होत्या. "मी घेतली असती तर नापासच केलं असतं. हायवेच्या रहदारीत मर्ज करताना डोळे मिटायचे."

माझ्या गणिताबद्दल त्यांना कुतूहल होतं, पण आदर अजिबात नव्हता. मी दिवसभर काय करते असं त्यांनी विचारलं. आकार, ताण दिला तरी न बदलणारे त्यांचे गुण वगैरे मी उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ऑफिसला जावं लागत नाही."

एका अर्थी बरोबर होतं. गणित शिकणाऱ्याचं जगणं बाहेरून बघणाऱ्याला फार संशयास्पद वाटतं. मी सकाळी उठून चहा घेऊन भिंतीकडे बघत बसायचे. दुपारी डिपार्टमेंटला जाऊन तिथल्या भिंतीकडे बघत बसायचे. मधे पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवायचे. हाफ पॅन्टमधली ती मुलं फक्त एवढंच विचारायची, हे परीक्षेत येणार का. परत आल्यावर काकू विचारायच्या, "झालं का?" मी म्हणायचे, "नाही." आठवड्यातून सहा दिवस हेच. सातव्या दिवशी मी "झालं" म्हणायचे आणि आठव्या दिवशी सकाळी मला चूक सापडायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी तोंडी परीक्षा झाली. पीएचडीच्या वाटेवरची ही मोठी पायरी. तीन प्राध्यापक, एक फळा, दोन तास, आणि ते विचारतील ते. पास झालं तर पुढे संशोधन. दोनदा नापास झालं तर मास्टर्सचा कागद हातात घेऊन घरी.

मी नापास झाले.

अभ्यास केला नव्हता असं नाही. अर्धवट झोपेतही प्रमेयं म्हणता येतील इतका केला होता. पण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मी फळ्यावर लिहिलं आणि मागे वळून बघितलं, तर तिघांमधले सगळ्यात वयस्कर प्राध्यापक कपाळाला आठ्या घालून बसलेले. मी उत्तर पुसलं. दुसरं लिहिलं. आठ्या तशाच. तेही पुसलं. पुढच्या दोन तासांत मी फळ्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्या कपाळाकडे बघत होते.

निकाल सांगायला माझे गाइड आले, मितभाषी आणि सज्जन माणूस. म्हणाले, "तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं. ते का पुसलंस, असं सर विचारत होते."

"त्यांना पटलं नाही असं वाटलं."

"त्यांचं कानाचं मशीन शिट्टी मारत होतं," गाइड म्हणाले.

मी घरी कशी आले मला आठवत नाही. अपार्टमेंटमधल्या मैत्रिणींचे मेसेज आले, "डोन्ट वरी यार, नेक्स्ट टाइम पक्का." आईला फोन करायची हिंमत झाली नाही. काकू ओट्याशी उभ्या होत्या. माझं तोंड बघून त्यांना कळलं. हा चेहरा त्यांनी सव्वीस वर्षं रोज बघितला होता.

"रडायचं असेल तर आधी रडून घे," त्या म्हणाल्या. "तोवर मी कुकर लावते. मग कुठे चुकली ते सांग."

मी रडले. तीन शिट्ट्या झाल्या. मग मी टेबलाशी बसून सगळं सांगितलं, आठ्या आणि शिट्टीसकट. काकू हसल्या नाहीत. त्यांनी क्लिपबोर्ड घेतला, कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे फिरवला. एकच ओळ होती: 'परीक्षकाकडे बघते.'

"माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे ह्याच्यासाठी नापास व्हायचे," त्या म्हणाल्या. "गाडी चांगली चालवायचे. पण दर वळणावर माझ्या तोंडाकडे बघायचे, बरोबर वळलो का म्हणून. समोर ट्रक असला तरी. आता मला सांग, ट्रक माझ्या तोंडावर असतो का?"

दुसरी संधी चार महिन्यांनी होती. दुसऱ्याच दिवशी काकूंनी मला सांगितलं की दर शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या माझी टेस्ट घेणार.

"पण काकू, तुम्हाला गणित..."

"मला मेकॅनिकचं काम तरी कुठे येत होतं?"

घरात फळा नव्हता. काकूंनी गॅरेजचं दार बंद केलं आणि माझ्या हातात खडूचा डबा दिला. गडद तपकिरी रंगाचं, दोन गाड्यांच्या रुंदीचं दार. युनिव्हर्सिटीतही मला एवढा मोठा फळा कधी मिळाला नव्हता. स्वतः ड्राइव्ह-वेवर घडीची खुर्ची टाकून, डोक्याला टोपी घालून, मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन बसल्या. "हं. सुरू कर. सोपं काहीतरी."

मी सगळ्यात सोपं निवडलं. म्हटलं, "एखादी सलग रेषा शून्याच्या खालून निघाली आणि शून्याच्या वर पोचली, तर मधे कुठेतरी ती शून्यावरून जाणारच."

"काहून?"

"उघड आहे, काकू."

क्लिपबोर्डवर फुली. "उघड आहे म्हणणारेच जास्त ठोकतात. काहून जाणार?"

"कारण ती सलग आहे. उडी मारू शकत नाही."

"रेषा उडी मारत नाही, ठीक. पण ती पोचली आणि नेमका तिथेच खड्डा असला तर? रस्ताच नसला तर?"

मी खडू हातात धरून उभी राहिले. हाच तो प्रश्न होता. संख्यांच्या रस्त्यात कुठेही खड्डा नाही, हे गृहीत धरूनच बाकी सगळं उभं आहे, आणि ते का खरं मानायचं हे समजायला माणसांना फार काळ लागला होता. मी ते पहिल्या वर्षीच शिकले होते आणि विसरलेही होते. कारण मला कधी कोणी इतक्या प्रामाणिकपणे विचारलंच नव्हतं. त्या दिवशी दार पूर्ण भरलं. शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवायला निघाले होते, ते थांबले. "एव्हरीथिंग ओके?" त्यांनी विचारलं.

"टेस्ट चालू आहे," काकूंनी इंग्रजीत सांगितलं. आजोबा ताबडतोब पुढे गेले. त्यांचीही कधीतरी झाली असावी.

तिसऱ्या शनिवारी काकूंनी नवीन प्रकार सुरू केला. मी लिहीत असताना त्या चेहरे करायला लागल्या. मी एक पायरी लिहिली की आठ्या घालायच्या. दुसरी लिहिली की नाक मुरडायच्या. मग अचानक प्रसन्न होऊन मान डोलवायच्या. मी दोनदा बरोबर पायरी पुसली. एकदा त्यांनी इतकी सुंदर मान डोलावली की मी चुकीच्या उत्तराखाली रेघ मारून मोकळी झाले.

"काकू, तुम्ही नक्की कशाला हो म्हणालात?"

"मला काय समजते त्यातलं? मनात येईल तेव्हा हलवते."

"मग मी कशावर विश्वास ठेवायचा?"

त्यांनी पेनाने गॅरेजच्या दाराकडे बोट दाखवलं. "त्याच्यावर. ते कुठे तोंड वाकडं करते?"

सातव्या-आठव्या शनिवारपर्यंत काकूंनी जांभया, खोकला, घड्याळ बघणं आणि एकदा तर उठून घरात निघून जाणं, एवढे सगळे प्रयोग करून झाले होते. मी लिहीत राहिले. उन्हाळा तापला तशी वेळ नऊवरून सातवर आली. दाराचा फोटो काढून कॉलनीच्या कमिटीला कोणीतरी पाठवला, आणि 'घराच्या दर्शनी भागावरील लिखाण' थांबवावं असं पत्र आलं. काकूंनी उत्तर लिहिलं की नियमावलीत रंगाचा उल्लेख आहे, खडूचा नाही, आणि लिखाणात चूक आढळल्यास ओळीसकट कळवावी. कमिटीने पुन्हा पत्र पाठवलं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी मला युनिव्हर्सिटीत सोडलं. शुभेच्छा वगैरे काही दिल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी पिऊन जा."

तेच तिघे होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहून झालं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की वयस्कर सर पुन्हा आठ्या घालताहेत. हात डस्टरकडे गेला. मग मी फळ्याकडे बघितलं आणि वरून खालपर्यंत पुन्हा वाचलं. बरोबर होतं.

"तुम्हाला नक्की खात्री आहे?" सरांनी विचारलं.

"एक मिनिट," मी म्हटलं आणि आणखी एकदा वाचलं. "हो. आहे."

"छान," ते म्हणाले. "मला नव्हती. तिसऱ्या ओळीत काय केलंत ते जरा समजावून सांगा."

ह्या वेळी आठ्या खऱ्या होत्या, पण त्या त्यांच्याच होत्या. मी समजावून सांगितलं. दीड तासाने बाहेर आले तेव्हा गाइडनी माझा हात इतका जोरात हलवला की खडूची पूड त्यांच्या शर्टावर उडाली. मी काकूंना फोन केला. "काकू, पास."

"काठावर का चांगली?"

"चांगली."

"बरं. येताना कोथिंबीर आण."

त्यानंतर मी काकूंकडे आणखी तीन वर्षं राहिले. गाडी शिकले. पाच वेळा काकूंच्या घरच्या टेस्टमध्ये नापास होऊन मग सरकारी टेस्टला गेले आणि तिथे मला ती इतकी सोपी वाटली की संशय आला. महिन्यातून एकदा आम्ही अर्विंगला देशी किराणा आणायला जायचो. कधी मी चालवायचे, कधी काकू.

त्या तीन वर्षांतल्या शेवटच्या हिवाळ्यात काकूंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या फॉर्मवर शेरा मारला. डाव्या डोळ्याच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला होता. लायसन्स पुढे चालू ठेवायचं तर रोड टेस्ट द्यावी लागणार होती. ज्या गावात भाजीच्या दुकानापर्यंतही फुटपाथ जात नाही, तिथे लायसन्स नसणं म्हणजे काय, हे मला पहिल्या टर्मला चांगलंच कळलेलं होतं. काकूंनी मात्र कॅलेंडरवर तारीख लिहिली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

टेस्टच्या दिवशी मी बरोबर गेले. टेस्ट घ्यायला आला तो सव्वासहा फुटी, जाड मिशांचा टेक्सन माणूस होता. काकूंच्या हाताखाली शिकून तयार झालेला. त्यांना बघून त्याने हॅट काढली. "मॅम," तो म्हणाला, आणि त्याने गाडीचं दार उघडून धरलं. ते दोघं गाडीत बसून गेले. मी बाहेर बाकावर बसले.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. अगदी सरळ, रेघ आखल्यासारखी लागली. दोघं बाहेर आले. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "पास," त्याने मला लांबूनच अंगठा दाखवला.

काकूंनी त्याच्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या. "शाळेजवळ डावीकडून सायकलवाली आली. मला ती उशिरा दिसली."

"तुम्ही ब्रेक मारलात, मॅम. वेळेत मारलात."

"तू आधी पाय दाबलास. तुझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी तू दाबलास. मी बघितलं." त्यांनी पेन त्याच्यापुढे धरलं. "चौथा चौकोन. त्याच्यात फुली मार."

"मॅम, प्लीज. मला नाही जमणार."

"मी शिकवलंय तुला. जमते."

तो एवढा मोठा माणूस, गाडीच्या टपावर कागद ठेवून वाकला आणि त्याने फुली मारली. खाली सही केली. काकूंनी ती नीट तपासली, त्याला थँक यू म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी गाडी सुरू केली. दुसऱ्या सिग्नलला म्हटलं, "काकू, पुन्हा देता येते ना?"

"टेस्ट देता येते," काकू म्हणाल्या. "डोळा कुठून आणू?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची किनार बोटांनी सरळ करत होत्या. मग म्हणाल्या, "समोर डोनटचं दुकान दिसते ना? तिथे घे."

त्यांनी आत जाऊन डझनभर डोनट्सचा खोका घेतला. "आता परत ऑफिसला चल."

"काहून?" ह्या वेळी मीच विचारलं.

"त्या बिचाऱ्यासाठी. इतकं अवघड पान त्याने आधी कधी भरलं नसेल."

ऑफिसात गर्दी होती. काउंटरमागच्या बायकांनी काकूंना ओळखलं, "या या, सरळ आत या," म्हणून खुणा केल्या. काकूंनी त्यांना हातानेच नको म्हटलं आणि दाराजवळच्या मशीनमधून टोकन घेतलं. चौऱ्याहत्तर नंबर. वरच्या बोर्डावर सेहेचाळीस चालू होता. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आजूबाजूला सोळा-सतरा वर्षांची पोरं फॉर्म हातात धरून पाय हलवत होती. काकू मधोमध, खोका मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, आपला नंबर यायची वाट बघत बसल्या.